निरोगी नमुना चार

"हा नमुना फेकून द्यायचा, सर. ह्याच्यापायी माझं वाटोळं होतंय."

मी असं म्हणाले तेव्हा सर खिडकीशी उभे राहून संत्रं सोलत होते. मार्गशीर्षातली दुपार होती, उन्हाला काही तेज नव्हतं. त्यांनी सोलायचं थांबवलं नाही, फक्त विचारलं, "कोणता?"

"नि-चार."

तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. मला वाटलं, बिया काढतायत.

डॉ. त्र्यंबक हुपरीकर हे माझे पीएचडीचे गाईड. पुण्याबाहेरच्या एका संशोधन संस्थेत आमची प्रयोगशाळा होती आणि तिथे आम्ही प्रोस्टेटचा कॅन्सर मुळात सुरू कसा होतो ते शोधत होतो. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. जयसिंगपूरला वडिलांना माझा विषय सांगायची वेळ आली तेव्हा मला घाम फुटला होता. शेवटी मी आईला सांगितलं, आईने त्यांना 'रक्तातलं काहीतरी आहे' म्हणून सांगितलं आणि विषय मिटला. अजूनही ते गावात तेच सांगतात.

काम काय होतं, तर शस्त्रक्रियेत निघालेले ग्रंथीचे तुकडे आमच्याकडे यायचे. ते आम्ही थंडगार द्रव नायट्रोजन ओतून खलात कुटायचो आणि त्यात कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजायचो. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात. मिसळणाचा डबा घरोघरी तोच असतो, पण कोण हळद किती टाकतं आणि तिखट किती, त्यावर आमटी ठरते, तसलाच प्रकार. रोगी तुकड्यात कुठली जनुकं जास्त बोलतात, निरोगी तुकड्यात कुठली गप्प असतात, ह्या फरकातून रोगाची पहिली पावलं सापडतील असं सरांचं म्हणणं होतं. शेवटच्या पायऱ्या सगळ्या जगाला माहीत होत्या. सरांना पहिली पायरी हवी होती.

घोडं पेंड खायचं ते निरोगी तुकड्यांपाशी. रोगी पाहिजे तेवढे मिळायचे. पण धडधाकट माणूस आपल्या ग्रंथीत सुई कशाला टोचून घेईल? मूत्राशयाच्या दुसऱ्या आजारासाठी ज्यांची ग्रंथीही काढावी लागायची, अशांचे तुकडे आम्ही निरोगी म्हणून वापरायचो, आणि तसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मी ह्यावरून रोज चहाच्या वेळी कटकट करायची. माझं तोंड पहिल्यापासून सैल. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाले होते की आता आपल्यापैकीच कुणीतरी मरा, म्हणजे मला नमुना मिळेल. सगळे हसले होते. सरही हसले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी फ्रीजरमध्ये एक नवी नळी आली. नि-चार, म्हणजे निरोगी चार. कुठला नमुना कुणाचा, हे फक्त सरांना माहीत असायचं. आम्हाला नुसता आकडा. मी मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाचे आभार मानले, आणि पुढे ज्या दिवशी त्याची पाळी आली त्या दिवशी त्याला खलात घातलं.

आणि तिथून माझे निकाल बिघडले. संगणक सारख्या नमुन्यांना सारख्यांजवळ बसवतो. निरोगी एका बाजूला, रोगी दुसऱ्या बाजूला, मध्ये स्वच्छ फट. नि-चार त्या फटीवरून उडी मारून रोग्यांत जाऊन बसायचा. मुळात निरोगी थोडे, त्यात हा एक असा फितूर, त्यामुळे जो फरक शोधायला मी एवढी वर्षं घातली तो धुऊन निघायचा. माझ्या मैत्रिणींची लग्नं झाली, पोरं शाळेत जायला लागली, आणि मी इथे एका नळीच्या नावाने बोटं मोडत बसले होते.

"फेकून द्यायचा म्हणतेस," सर म्हणाले. "कारण?"

"बिघडलेला आहे."

"बिघडलेला म्हणजे? नमुना बिघडलाय, की तुला नको ते सांगतोय?"

ही त्यांची नेहमीची तऱ्हा. ते खुर्चीत बसले, संत्रं टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि म्हणाले की समजा, मी परीक्षक आहे आणि माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही. आता पटवून दे.

मला तर तेच हवं होतं. मी आठवडाभर तयारी केली होती. मी सांगितलं की नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं मला आधी वाटलं होतं. म्हणून उरलेल्या चिमूटभर तुकड्यावर सगळं पुन्हा केलं. तेच आलं. मग तो आमच्या फ्रीजरमधल्या कुठल्या रुग्णाशी जुळतो का ते पाहिलं. प्रत्येक माणसाची आपली अशी खूण असते, ती लपत नाही. हा कुणाशीच जुळला नाही. म्हणजे नळी बदललेली नाही, हा माणूस वेगळाच आहे. तुकडा नासलेला म्हणावं तर तसंही नव्हतं, सगळ्यांत ताजा तोच होता.

"मग?"

"मग एकच उरतं, सर. नमुना बरोबर आहे. त्याच्यावरचं नाव चूक आहे. हा माणूस निरोगी नाही."

सरांनी मान हलवली, पुढे बोल म्हणून. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. एक जनुक असतं, चांगल्या ग्रंथीत ते झोपलेलं असतं. आमच्या निम्म्या रुग्णांत ते जागं झालेलं होतं, आणि नि-चारमध्ये ते नुसतं जागं नव्हतं, बोंबलत होतं. पेशी वाढवणारी जनुकं सुटलेली होती. त्यांना आवर घालणारी गप्प होती.

"थोडा वेळ थांबून पाहता येईल अशा जातीचा आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. जे रुग्ण लवकर गेले ना, हा त्यांच्या शेजारी बसतो. एकदम खेटून."

"तुकडा काढून तीनेक वर्षं झाली आहेत."

"मग आता त्या माणसाचं काही खरं नाही," मी म्हणाले.

प्रयोगशाळेतला फ्रीजर घुंईई करून चालू झाला.  सरांनी चष्मा लावला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान मांडलंस. एकही भोक ठेवलं नाहीस."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला 'छान' म्हटलेलं मला आठवत नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी अर्धं संत्रं माझ्यापुढे सरकवलं. मी खाल्लं. गोड होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण एका जिवंत माणसाबद्दल बोलतोय. मी म्हणाले, "सर, त्याला कळवायला हवं ना?"

"नियम काय आहे?"

"कळवायचं नाही. संशोधन म्हणजे तपासणी नव्हे."

"कुणी केला नियम?"

"तुम्ही."

"मग झालं," म्हणून ते उठले, पिशवी घेतली, आणि दुपारचे चारही वाजले नव्हते तरी घरी गेले. दारात एकदा त्यांनी कमरेवर हात दाबला. ती कंबर त्यांना वर्षभर छळत होती. खुर्चीला शिव्या द्यायचे, दोनदा बदलून घेतली होती.

मला त्यांचा भयंकर राग आला. मेसमध्ये मी सगळ्यांना सांगितलं की हा माणूस दगड आहे, ह्याला माणसं दिसतच नाहीत, नळ्या दिसतात. कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप कुठेतरी खुशाल जेवत असेल, त्याला पत्ताही नाही, आणि हे नियम सांगतायत.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. त्यानंतरच्या दिवशीही नाहीत. मी तोवर नि-चार बाजूला काढून सगळं पुन्हा चालवलं होतं, आणि काय सांगू, इतके दिवस जे दडी मारून बसलं होतं ते लख्ख समोर आलं. फट स्वच्छ झाली आणि मोजकी जनुकं वर आली, रोग डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी बदलणारी. नि-चारमध्ये ती आधीच बदललेली होती, म्हणूनच इतके दिवस फरक दिसत नव्हता. पहिली पायरी सापडली होती. मला नाचावंसं वाटलं. सरांना सांगायला म्हणून फोन केला, तो काकूंनी उचलला.

इंदूकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दर गुरुवारी सरांच्या डब्याबरोबर माझ्यासाठी वेगळा डबा पाठवायच्या, कारण हॉस्टेलचं जेवून पोरगी वाळत चालली आहे असं त्यांचं ठाम मत होतं. त्या म्हणाल्या, "वैजू, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. तू ये. तुलाच बोलवतायत."

खाटेवर सर लहान दिसत होते. हातात सलाईन होतं. काकू औषधं आणायला खाली गेल्या, तेव्हा ते नेहमीसारखं मला आडनावाने हाक मारून म्हणाले, "मगदूमबाई, चालवून पाहिलंस का ते काढून?"

मी सांगितलं. पहिली पायरी सापडली, सर, म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक जनुकाचं नाव विचारलं. मी सांगत गेले, ते हुंकार देत गेले. शेवटी म्हणाले, "डॉक्टर कर्णिकांनी हाडांचे फोटो काढले काल. मणक्यात गेलाय. कमरेत पण."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "काय गेलाय?"

"नि-चार माझा आहे," सर म्हणाले.

  मी टेबलावरचं वर्तमानपत्र सरळ करत बसले.

मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू, पण वर्गात शिकवावं तसं ओळीने. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्ताच्या तपासणीत एक आकडा वाढलेला निघाला होता. तो वाढला की डॉक्टर ग्रंथीत सुई घालून तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डॉ. कर्णिक त्यांचे कॉलेजचे मित्र. टेबलावर आडवे असतानाच सर त्यांना म्हणाले होते, "बारा काढणार आहेस ना? त्यातला एक मला दे. माझ्याकडे निरोगी नमुने नाहीत." कर्णिकांनी आधी नाही म्हटलं, मग मित्र म्हणून दिला.

"रिपोर्ट चांगला आला होता," मी म्हणाले. "तुम्ही पेढे वाटले होते."

मला ते लख्ख आठवत होतं. साताऱ्याचे कंदी पेढे. 'मी निर्दोष सुटलो,' असं म्हणत सर टेबलाटेबलापाशी फिरले होते, आणि मी दोन उचलले होते. त्याच दुपारी, सगळ्यांचे हात चिकट असताना, त्यांनी नळीवर 'निरोगी' लिहून ती फ्रीजरच्या खणात ठेवली असणार.

"अकरा तपासले गेले. अकराही स्वच्छ होते."

"आणि बारावा?"

"बारावा तू खलात कुटलास."

खिडकीखाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी त्या आवाजाकडे लक्ष देत राहिले. सरांचा मला असा राग आला होता की मला रडूही येईना. तो एक तुकडा बाकीच्यांबरोबर गेला असता तर तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली असती आणि हा माणूस आज संत्रं सोलत उभा असता. एवढा शहाणा माणूस, आणि त्याने आपलाच कॅन्सर निरोगी म्हणून फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला. आमच्या धंद्यातल्या माणसाखेरीज असली चूक कुणाच्या बापाला सुचली नसती.

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले. "मला काय काय बोलायला लावलंत तुम्ही."

"तुला माहीत असतं तर तू भोकं ठेवली असतीस," सर म्हणाले. "मला खरं हवं होतं."

 माझं सगळं शिक्षण त्यांचंच.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नमुना फेकायचा नाही. त्याची रांग बदलायची, निरोग्यांतून काढून रोग्यांत टाकायचा. एवढ्या सुरुवातीचा तुकडा कुणाला कधी मिळत नाही, कारण एवढ्या सुरुवातीला रोग आहे हे कुणाला कळतच नाही. "आपल्याला तोच तर पाहिजे होता," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्या क्षणी ते खरोखर खूश होते.

दुसरी गोष्ट काकूंबद्दल. ती सांगायच्या आधी त्यांनी दाराकडे पाहिलं.

"इंदूला बाराव्याचं कळू देऊ नकोस. तिच्या आईच्या आजारात मी प्रयोग सोडून गेलो नव्हतो, ते तिने गिळलं. हे नाही गिळता येणार. मी असलो असतो तर भांडली असती, चार दिवस अबोला धरला असता, संपलं असतं. मी नसताना ती कुणाशी भांडणार? नुसती जळत बसेल माझ्यावर."

काकू औषधं घेऊन वर आल्या. सर लगेच म्हणाले, "अगं, वैजू तुझा डबा आवडला म्हणतेय." काकू म्हणाल्या, त्यात काय नवीन, डबा परत आणते का कधी ती?

सर पुढच्या मार्गशीर्षापर्यंत राहिले. औषधांनी सहा-सात महिने बरे गेले, मग औषधं चालेनाशी झाली. शेवटी शेवटी त्यांना कूस बदलतानाही त्रास व्हायचा, तरी लेख वाचून काढला, माझी वाक्यं निम्मी केली. नि-चारबद्दल लेखात एवढंच होतं की एक नमुना आधी निरोगी गटात होता, तो पुढे रोगी गटात घेतला. लेख छापून आला तेव्हा ते गेलेले होते.

दिवसपाणी झाल्यावर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. काकूंचा डबा माझ्याकडेच राहिला होता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून आईने जयसिंगपूरहून पाठवलेलं मेतकूट त्यात भरलं होतं. काकूंनी डबा घेऊन ओट्यावर ठेवला, चहा केला, समोर बसल्या. सरांच्या फोटोला हार नव्हता. पुसलेलाही दिसत नव्हता.

"तुला एक विचारते," त्या म्हणाल्या. "त्या सुईच्या वेळी मी दाराबाहेर बसले होते. ते यंत्र प्रत्येक तुकड्याला टक् करून वाजतं. दुसरं काय करणार, मी मोजत होते. बारा वेळा वाजलं. परवा कर्णिक भेटायला आले, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, अकरा तपासले होते. मी विचारलं, बारावा कुठं गेला? म्हणाले, ह्यांच्याच प्रयोगशाळेत. कुणी मागितला होता, विचारलं, तर म्हणाले, आठवत नाही."

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"कुणाचा डोळा चुकला असता, तर मी म्हटलं असतं, नशीब," काकू म्हणाल्या. "पण तो कुणी बघितलाच नाही. बघितला असता तर हे आज असते. असते की नाही?"

"असते," मी म्हणाले. गणिताच्या बाईंपुढे दुसरं काय सांगणार.

"ह्यांनी आपण होऊन दिला?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. फोटोकडे बघत होत्या, आणि ज्या नजरेने बघत होत्या ती मला सहन होईना. चाळीस वर्षांचा संसार त्या नजरेत फाटत चालला होता. मला सरांचं दवाखान्यातलं बोलणं आठवलं. नुसती जळत बसेल.

"नाही काकू," मी म्हणाले. "मी मागितला. रोज मागे लागले होते त्यांच्या. ते नको म्हणत होते."

काकूंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं.  मग उठल्या, ओट्यावरचा डबा आणला, न उघडता, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हे घेऊन जा," म्हणाल्या. "आणि परत येऊ नकोस."

मी चप्पल घालत असताना आत भांडं आपटल्याचा आवाज आला. मग त्या मोठ्याने रडायला लागल्या. सर गेले त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी जिना उतरले.

आता मी स्वतः गाईड आहे, माझ्या विद्यार्थ्यांना मी नियम शिकवते आणि सगळे तुकडे आधी तपासणीला जातात. सरांच्या नावाने दरवर्षी संस्थेत व्याख्यान होतं. काकू येतात, पहिल्या रांगेत बसतात. मी बोलायला उठले की त्या पदर सावरून उठतात आणि बाहेर जाऊन उभ्या राहतात, आणि माझं संपलं की परत येऊन बसतात. नव्या पोरांना वाटतं, मी काहीतरी भयंकर केलंय. त्यांच्या घरी जाऊन आलेले लोक सांगतात की सरांच्या फोटोला रोज ताजा हार असतो आणि काकू बाजारातून आल्या की आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलतात. डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी त्यात मेतकूटच ठेवते.